ऐरणीवर बसलेला वाचक: पिट्सबर्गच्या बालसंग्रहालयात तीन दिवस

पिट्सबर्गला जातोय म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "बालाजीला का?" तिथल्या बालाजीच्या देवळात तर जाणारच होतो. पण या वेळचं खरं निमित्त होतं तिथलं मुलांचं संग्रहालय. थोरली दहा वर्षांची, धाकटा चार. दोघांनाही एकाच ठिकाणी रमवणं फार अवघड असतं. त्यात माझी आई भारतातून आलेली. तिला गाडीत बसून नुसती शहरं बघायचा कंटाळा. "मला काहीतरी हाताने करता येईल असं दाखव गं," ती आल्या दिवसापासून म्हणत होती. जूनच्या शेवटी मुलांच्या शाळा संपल्या आणि आम्ही पाच जण निघालो.

पहिला दिवस: चार बोगदे आणि एक देऊळ

न्यू जर्सीहून सहा तासांचा रस्ता. पेनसिल्वेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर डोंगर पोखरून काढलेले चार बोगदे लागतात. त्यातले ब्लू माउंटन आणि किटाटिनी तर इतके लागून आहेत की एकातून बाहेर पडून उजेड दिसतोय तोच दुसऱ्यात शिरतो. धाकट्याने चारही मोजले आणि पाचवा का नाही म्हणून रुसला. (टर्नपाइकवर आता रोख टोल घेत नाहीत. गाडीत ई-झी पास, म्हणजे टोल आपोआप भरणारा पास, नसेल तर नंबरप्लेटचा फोटो काढून बिल घरी येतं, आणि ते महाग पडतं. पास घेऊनच निघा.)

श्री वेंकटेश्वराचं देऊळ पेन हिल्स भागात टेकडीवर आहे. टर्नपाइकवरून मन्रोव्हिलला उतरलं की जवळच. १९७६ पासून ते तिथे उभं आहे. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या देवळांपैकी एक. हिरव्यागार झाडीतून वर येणारं पांढरंशुभ्र गोपुर दिसलं आणि आईने गाडीतच हात जोडले. दर्शन शांतपणे झालं. खालच्या उपाहारगृहात चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला. सहा तास गाडीत बसून आल्यावर तो थंडगार दहीभात पोटात गेला आणि सगळ्यांचे चेहरे पुन्हा माणसात आले. देवळात जाणार असाल तर जेवणाची वेळ साधून जा, एवढं नक्की सांगेन.

संध्याकाळी शहरात शिरताना आम्ही चुकलो. पिट्सबर्गमध्ये तीन नद्या आहेत आणि शेकडो पूल. फोनमधली बाई "उजवीकडे राहा" म्हणेपर्यंत आपण दुसऱ्याच पुलावर चढलेले असतो, आणि एकदा पुलावर चढलं की नदी ओलांडल्याशिवाय सुटका नाही. आम्ही एकच नदी तीनदा ओलांडली. हॉटेलवर पोचलो तर आम्ही मागितलेली शेजारशेजारच्या दोन खोल्यांची जोडी त्यांनी दुसऱ्याच कोणाला देऊन टाकली होती. तासभर खाली बसलो. मग वेगवेगळ्या मजल्यांवर दोन खोल्या मिळाल्या. आई आणि थोरली वरच्या मजल्यावर झोपायला गेल्या, ते थोरलीला फारच आवडलं.

दुसरा दिवस: टपाल कचेरीत शिरलेली मुलं

संग्रहालय नदीच्या उत्तरेला आहे, नॉर्थ साइडला. हा भाग एके काळी अलेघेनी नावाचं वेगळं शहर होता. १९०७ साली पिट्सबर्गने ते आपल्यात ओढून घेतलं. स्थानिक लोकांच्या मर्जीविरुद्ध घेतलं, असं तिथले जुने लोक अजून सांगतात. मग १९६० च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली या शहराचा मध्य जवळजवळ सपाट केला. बाजाराची जुनी इमारत गेली, गल्ल्या गेल्या. त्या मोडतोडीतून ज्या थोड्या इमारती वाचल्या त्यातल्या तीन आता मुलांकडे आहेत. १८९७ ची टपाल कचेरी, १९३९ चं बुहल तारांगण, आणि १८९० चं कार्नेगी ग्रंथालय.

टपाल कचेरी पाडायचीच होती. वारसा जपणाऱ्या मंडळींनी ती वाचवली, आणि १९८३ मध्ये तिच्या तळघरात हे बालसंग्रहालय सुरू झालं. पुढे संग्रहालयाने सगळी इमारत भरून टाकली. शेजारचं तारांगण १९९१ मध्ये नव्या विज्ञान केंद्रात हललं होतं. २००४ मध्ये संग्रहालय त्या रिकाम्या इमारतीतही पसरलं. दोन जुन्या इमारतींच्या मध्ये जोडायला नवी काचेची इमारत बांधली. तिच्या दर्शनी भागावर पारदर्शक प्लास्टिकचे हजारो चौकोनी तुकडे टांगले आहेत. वारा आला की ते सगळे एकदम सळसळतात आणि भिंतीवरून लाट गेल्यासारखं दिसतं. नेड कान नावाच्या कलावंताचं काम. एका बाजूला दगडी घुमटाची कचेरी, दुसऱ्या बाजूला कोरीव शिल्पांचं तारांगण, आणि मध्ये हा वारा. धाकटा दारातच अडकला. त्याला आत यायचंच नव्हतं, वाऱ्याची वाट बघायची होती.

आणि आई अडकली दुसरीकडे. इमारतीच्या बाजूला एक काशाचा पुतळा आहे. कामकरी माणूस, मांडीवर जाडजूड पुस्तक उघडलेलं, मान खाली. आई त्याच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "हा लोहार आहे."

"कशावरून?"

"बसलाय बघ कशावर. ऐरण आहे ती."

खरंच ऐरण होती. आईचं माहेर लोहाराचं. लहानपणी भात्याची साखळी ओढून तिच्या हाताला घट्टे पडलेले. भावांच्या हाती घण, तिच्या हाती भाता, अशी कामाची वाटणी. चौथीनंतर शाळाही त्या भात्यापायीच सुटली. तिला पुतळा आवडला, पण पटला नाही. "ऐरणीवर कुणी बसतं का? पाय लागला तरी आम्ही नमस्कार करायचो. खंडेनवमीला तिची पूजा. यांना कुणी सांगितलं नाही का?" थोरलीने तिला समजावायचा प्रयत्न केला की इथे तसं नसतं. आईचा चेहरा काही सैल झाला नाही. आम्ही आत गेलो.

आतली पहिली गोष्ट जी मला जाणवली ती म्हणजे गोंगाट. छान, भरलेला, कामाचा गोंगाट. कोपऱ्याकोपऱ्यावर "हात लावू नका" अशी पाटी शोधायची सवय असलेल्या माझ्यासारखीला इथे पाच मिनिटं लागली खांदे खाली सोडायला. इथे सगळं हात लावण्यासाठीच आहे.

मेकशॉप नावाचा विभाग हे या संग्रहालयाचं काळीज आहे, असं मला वाटतं. २०११ मध्ये सुरू झाला. तिथे खेळण्यातली प्लास्टिकची हत्यारं नाहीत. खरी करवत, खरी हातोडी, शिलाई यंत्र, माग, आणि लाकडी ठोकळ्यांवर बसवलेले विजेचे जोड. धाकट्याने तेच पकडले. एका ठोकळ्यावर बॅटरी, एकावर बटण, एकावर एवढासा पंखा. चिमट्याच्या वायरींनी तिन्ही जोडायचे. त्याने जोडले, बटण दाबलं, पंखा ढिम्म. पुन्हा जोडले. पुन्हा नाही. तिथे काम करणारी एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसून हे बघत होती. मला वाटलं आता ती लावून देईल. तिने फक्त विचारलं, "वीज इथून निघाली, तर आता कुठे पोचली असेल?" धाकट्याने बोट ठेवून वायर चाचपत नेली. बॅटरीपासून बटण, बटणापासून पंखा, आणि पंख्यापाशी बोट थांबलं. तिथे चिमटा धातूला न धरता वायरीच्या रबराला धरून बसला होता. त्याने तो काढला, पत्र्याच्या जिभेवर लावला, आणि पंखा भर्रकन फिरला. त्याने मागे वळून कुणाकडेही बघितलं नाही. त्याने पंखा बंद केला आणि पुन्हा चालू केला. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.

या मुलीसारखी माणसं प्रत्येक टेबलापाशी होती. मूल अडलं की त्या वस्तूकडे बोट दाखवणारी, आणि स्वतःचे हात मागे ठेवणारी. मी आई म्हणून दिवसातून वीस वेळा जे पटकन करून टाकते ते न करणं किती अवघड आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं.

थोरली लाकूडकामाकडे गेली. तिला दोन फळकुटं खिळ्याने जोडायची होती. हातोडी अगदी डोक्याजवळ, आखूड धरून ती टुकटुक करत होती आणि खिळा दर दोन ठोक्यांनी वाकत होता. आई बराच वेळ बाकावरून बघत होती. मग उठली, पदर खोचला आणि मराठीत सुरू झाली. "दांड्याच्या टोकाला धर. मनगट सैल. खिळ्याकडे बघ, हातोडीकडे नको. तिला तिची वाट माहीत असते." थोरलीने दांडा शेवटाला धरला. पहिला ठोका चुकला, दुसरा बसला. तिसऱ्याला खिळ्याचा आवाज बदलला. आई म्हणाली, "ऐकलंस? आता लाकडाने घेतला त्याला." शेजारच्या टेबलावरचा एक लालसर केसांचा मुलगा हे टक लावून बघत होता. त्यानेही आपली हातोडी खाली सरकवून टोकाला धरली. आईने त्याच्याकडे बघून मान हलवली. पुढचा अर्धा तास ती दोघांची गुरू होती. त्या मुलाला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि आईला इंग्रजीचे दहा येतात. त्याची आजी जवळ येऊन मला म्हणाली, "यिन्झ फ्रॉम अराउंड हिअर?" थोरली चक्रावली. यिन्झ म्हणजे "तुम्ही सगळे". पिट्सबर्गचा खास शब्द. त्या आजींनी आईचा हात हातात घेऊन, तिला जे काही म्हणायचं होतं ते म्हटलं. आईने जे काही उत्तर द्यायचं होतं ते मराठीत दिलं. मी दुभाषेपण करायला पुढे झाले, पण गरज पडली नाही.

दुपारनंतर वरच्या मजल्यावरचा पाण्याचा विभाग. नळ्या जोडून पाणी वळवायचं, बांध घालायचे, होड्या सोडायच्या. इथे माझी तयारी कमी पडली. मुलांच्या कपड्यांचा जादा जोड मी गाडीत ठेवला होता आणि गाडी लांब होती. धाकटा नखशिखांत भिजला आणि बाहेरच्या वातानुकूलित हवेत कुडकुडायला लागला. नवरा धावत जाऊन कपडे घेऊन आला तोवर आईने त्याला आपल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. तेव्हा लक्षात ठेवा: कपडे आणि मोजे, दोन्हींचा जोड पाठीवरच्या पिशवीत हवा. आणि पाण्याचा विभाग शेवटी ठेवा, कारण त्यानंतर मूल दुसरं काही करण्याच्या स्थितीत उरत नाही.

निघण्यापूर्वी एका काचेच्या कपाटापाशी सगळी मोठी माणसं थांबत होती. त्यात मिस्टर रॉजर्स यांचा स्वेटर, कॅनव्हासचे बूट आणि कार्यक्रमातल्या बाहुल्या. फ्रेड रॉजर्स यांचा मुलांसाठीचा कार्यक्रम याच शहरात तयार व्हायचा, १९६८ पासून २००१ पर्यंत. दर भागाच्या सुरुवातीला ते घरात येऊन कोट काढायचे, स्वेटर घालायचे, बूट बदलायचे आणि मुलांशी अगदी हळू बोलायचे. ते स्वेटर त्यांच्या आईने विणलेले असत. हे आईला सांगितल्यावर तिने काचेला नाक लावून वीण बघितली.

रात्री जेवायला पिरोगी. पूर्व युरोपातून इथल्या पोलाद कारखान्यांत आलेल्या मजुरांनी बरोबर आणलेला पदार्थ. मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीज भरून उकडायचं आणि लोण्यात परतलेला कांदा वर घालायचा. "उकडलेली तिखटाची करंजी," असं म्हणून आईने चार खाल्ल्या. शाकाहारी लोकांसाठी या शहरात याच्याइतकं बिनघोर खाणं नाही. फक्त वरून बेकनचे तुकडे घालतात का ते आधी विचारा.

तिसरा दिवस: वीज पडलेलं ग्रंथालय

सकाळी ड्यूकेन इन्क्लाइन. १८७७ पासून डोंगरावर चढणारी दोरखंडाची गाडी, लाकडी डबा, आत कोरीव काम. वर पोचल्यावर अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्यांचा संगम पायाखाली दिसतो. तिथून पुढे ती ओहायो होते. पिवळेधमक पूल एकामागे एक. हवा दमट होती आणि पश्चिमेला ढग जमत होते.

मग खाली उतरून गाडी एका ठिकाणी लावून टाकली आणि डाउनटाउनहून 'टी' नावाची छोटी रेल्वे घेतली. ती नदीच्या खालून नॉर्थ साइडला जाते आणि तेवढ्या टप्प्यात तिकीट नाही. नदीच्या तळाखालून जातोय हे कळल्यावर धाकट्याला त्याचा पाचवा बोगदा मिळाला. पलीकडे नदीकाठी मिस्टर रॉजर्स यांचा भला मोठा पुतळा आहे. एका पाडलेल्या पुलाचा उरलेला दगडी खांब आहे, त्याच्या कमानीत ते बसलेत आणि बुटाची नाडी बांधतायत. तिथून चालत पुन्हा संग्रहालयाकडे. पंधरा मिनिटं धरा, मुलं असतील तर पंचवीस.

तिसऱ्या दिवसाचं ठिकाण म्हणजे म्युझियम लॅब, तेच १८९० चं कार्नेगी ग्रंथालय. हा भाग दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आखलेला आहे. म्हणून थोरली, आई आणि मी आत गेलो, आणि धाकट्याला घेऊन नवरा समोरच्या बागेत. तिथे उंच स्टीलच्या खांबांचं बन आहे, आणि त्यातून मधूनमधून धुकं सुटतं. तेही नेड कान यांचंच. उन्हाळ्यात लहान मुलांना तिथून हलवणं कठीण जाईल याची तयारी ठेवा.

आत शिरले आणि पायच थबकले. अशी इमारत मी कधी पाहिली नव्हती. १९७० च्या दशकात या ग्रंथालयाचं आधुनिकीकरण करताना कमानी, खांब, छत सगळं खोट्या भिंती आणि खोट्या छतांखाली झाकलं होतं. संग्रहालयाने ही इमारत २०१९ मध्ये मुलांसाठी उघडली, त्याआधी ती सगळी झाकणं काढून टाकली. आणि जे खाली सापडलं ते तसंच ठेवलं. खांबांवरचे कोरीव मुकुट अर्धे तुटलेले आहेत. भिंतीवरचा गिलावा जिथे निघाला तिथे निघालेलाच आहे. कुठे विटा, कुठे जुना रंग, कुठे छिन्नीचे व्रण. कोणी लिंपून एकसारखं केलेलं नाही. जे छत कायमचं गेलं, त्याच्या जागी कापडावर छापलेलं एक प्रचंड चित्र टांगलंय. त्याखाली एका ठरावीक जागी उभं राहिलं की हरवलेलं छत पुन्हा डोक्यावर येतं, एक पाऊल बाजूला सरकलं की मोडतं. थोरली त्या जागेवर पुढे-मागे होत राहिली.

आमच्याकडे जुना वाडा एक तर पाडतात, नाहीतर ऑइलपेंट फासून लग्नाचं कार्यालय करतात. ही तिसरी वाट मला माहीत नव्हती. थोरलीने एका खांबाच्या तुटक्या पानावर हात फिरवत विचारलं, "हे दुरुस्त का नाही केलं?" आणि मग स्वतःच खाली वाकून बघायला लागली की आत दगडाला दगड कसा धरून ठेवलाय. पूर्ण असतं तर तिने आत बघितलं नसतं.

मध्यभागी दोरांच्या विणीचं दुमजली जाळं आहे, चढायला. लेसच्या पडद्यासारखं विणलेलं. थोरली वर असतानाच बाहेर कडाड्कन वीज झाली आणि पाऊस कोसळला. तिथली देखरेख करणारी एक वयस्कर बाई आमच्याजवळ येऊन उभी राहिली. "ह्या इमारतीत वीज चमकली की आम्ही सगळे वर बघतो," ती म्हणाली. २००६ च्या एप्रिलमध्ये ग्रंथालयाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडली होती. मनोऱ्याचा मोठा दगड छप्पर फोडून आत आला. ग्रंथालय बंद झालं ते इथे पुन्हा उघडलंच नाही. २००९ मध्ये त्याला दुसरीकडे नवी इमारत मिळाली. ही रिकामी पडून होती.

पाऊस थांबेना, आम्हीही थांबलो. मी तिला बाहेरच्या लोहाराबद्दल विचारलं. मग तिने जे सांगितलं ते मी आईला वाक्यावाक्याने मराठीत सांगत गेले.

अँड्र्यू कार्नेगी १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आईवडिलांबरोबर याच अलेघेनीत आला. बारा वर्षांचा. कापडगिरणीत बाबिनी उचलण्याचं काम, आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. शाळा संपली ती तिथेच. गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे चारेकशे पुस्तकं होती. दर शनिवारी ते कामकरी मुलांसाठी आपलं घर उघडायचे. मुलाने एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणून दुसरं न्यायचं. पुढे नियम आला की धंदा शिकणाऱ्या उमेदवारांनाच पुस्तकं फुकट, बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर द्यायचे. तारेचे निरोप पोचवणाऱ्या पोरसवदा कार्नेगीने थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. नियम मागे घेतला गेला. त्या शनिवारांची आठवण म्हणून, पोलादात अफाट पैसा मिळवल्यावर त्याने जी ग्रंथालयं बांधली त्यातलं हे एक. आणि १९०४ मध्ये कर्नल अँडरसन यांचं स्मारक उभं केलं. पुतळा घडवला डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी. वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन पुढे त्यांनीच केला.

मला इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ मध्ये मजुरी कापण्यावरून संप झाला, बंदुका चालल्या, माणसं मेली. भट्टीपाशी बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला पुस्तक वाचायला वेळ कुठला, हा प्रश्न तिथल्या मजुरांनाही पडला असणार. ग्रंथालय बघताना हेही मनात ठेवून बघावं, असं मला वाटतं. त्याने त्या खांबांचं मोल कमी होत नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शनिवारी मुलगेच यायचे का? मुली?"

मी त्या बाईंना विचारलं. "दगडावर तर 'वर्किंग बॉईज' असंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. आणि क्षणभराने थोरलीकडे हात केला. ती जाळ्याच्या वरच्या टोकाला, हरवलेल्या छताच्या अगदी जवळ, पावसाचा आवाज ऐकत बसली होती.

(तीन व्यावहारिक गोष्टी इथेच सांगते. एक, दोन्ही वयांची मुलं असतील तर दोन मोठी माणसं बरोबर हवीत, म्हणजे लॅब आणि मुख्य संग्रहालय असं वाटून घेता येतं. दोन, तुमच्या गावच्या बालसंग्रहालयाचं सदस्यत्व असेल तर कार्ड बरोबर न्या आणि खिडकीवर विचारा. अमेरिकेतली बरीच बालसंग्रहालयं एकमेकांच्या सदस्यांना निम्म्या दरात आत घेतात. तीन, हे सगळं एका दिवसात उरकायचं मनात आणू नका. मेकशॉपलाच अर्धा दिवस लागतो. जवळच्या बागेत पक्ष्यांचं राष्ट्रीय पक्षिगृह आहे, ते आमचं राहिलं.)

पाच वाजता पाऊस थांबला. परतीचे सहा तास डोळ्यांसमोर होते, नवरा गाडी आणायला गेला. आम्ही बाहेर आलो तर दगडी इमारती धुऊन काळ्याभोर झालेल्या, आणि काचेच्या इमारतीवरचे हजारो चौकोन थेंब झटकत होते. थोरलीच्या पिशवीत कालची फळकुटं होती. पाच खिळे सरळ, दोन वाकडे. वाकडे तिने काढू दिले नाहीत.

आई पुतळ्याकडे चालू लागली. मीही मागे गेले. लोहाराच्या पुस्तकात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात ढगातलं ऊन पडलं होतं. आईने पदराने खालचा दगड पुसला. जितकं वर पोचता आलं तितकं. मग त्यावर हात ठेवून तो कपाळाला लावला. काल तिने त्याला ऐरणीवर बसल्याबद्दल बोल लावला होता ते थोरलीने आठवण करून दिलं.

"असू दे," आई म्हणाली. "दुकानात बसायला दुसरी जागा असते कुठं? आणि शनिवारपर्यंत परत द्यायचं आहे ना ते त्याला."